नाशिकचा ‘जी’ ९.८१ येत नाही: एफवायचं फिजिक्स हाताने कसं शिकायचं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक एफवायचा पोरगा दोरीला नट बांधून पेंडुलम करत होता. वीस ऑसिलेशन (झोके) मोजली, वहीत काहीतरी खरडलं आणि मला वही दाखवली, दादा बघ, जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) आला ९.८१. मी म्हटलं टायमिंग किती आलं ते दाखव. तर टाइमच्या कॉलममध्ये खाडाखोड. आधी ४०.३ लिहिलेलं, ते खोडून ४०.१२ केलेलं. म्हटलं हे का बदललं? तो म्हणाला, दादा ४०.३ घेतलं तर ९.७२ येतो ना, मग सर साइन करत नाहीत.

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण मीही हेच केलंय. आमच्या कॉलेजात (नाव जाऊ द्या) मागच्या बॅचचं जर्नल वर्गात फिरायचं, त्यातली रीडिंग्ज शेवटचा आकडा इकडेतिकडे करून उतरवायची, सबमिशन झालं की विसरायचं. प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मार्क होते आणि स्लोप म्हणजे काय हे मला एसवायला कळलं.

आणि यातली खरी गंमत अशी की नाशिकमध्ये जी ९.८१ नाहीचे. पुस्तकातला ९.८१ हा साधारण ४५-५० अंश अक्षांशावरच्या देशांचा आकडा. नाशिक २० अंशावर, वर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथला जी ९.७८ ते ९.७९ च्या मध्ये पडतो. म्हणजे पोरगा खाडाखोड करून स्वतःच्या गावचा आकडा सोडून परगावचा आकडा लिहीत होता. (उंचीमुळेच आपल्याकडे पाणीही १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, आणि लॅबमध्ये थर्मामीटर ९८ दाखवतो तेव्हा पोरं थर्मामीटरलाच शिव्या घालतात.)

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही पार्किंगमध्ये बसतो. आठ-नऊ पोरंपोरी असतात, एक मुलगी सिन्नरहून एसटीने येते. क्लास नाही, फी नाही, अकरानंतर मिसळ मात्र ज्याची त्याने खायची. खूप जण विचारतात की आम्हाला आमच्याकडे असं सुरू करायचंय, काय काय लागतं, कसं करता, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय.

आधी हे समजून घ्या की ‘हाताने करणं’ म्हणजे कॉलेजचं प्रॅक्टिकल नाही

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये एम (प्रयोगाचा उद्देश), अपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट सगळं आधीच लिहिलेलं असतं. काय येणार माहीत, कसं येणार माहीत, मग हात फक्त हमालासारखे राबतात. हाताने केलं म्हणजे डोक्यात गेलं असं होत नाही, हे मी स्वतःच्या जर्नलवरून सांगू शकतो.

वर्कशॉप पद्धतीत क्रम उलटा असतो. आधी अंदाज, मग प्रयोग, मग अंदाज का चुकला यावर भांडण, आणि सूत्र शेवटी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजात प्रिसिला लॉज नावाच्या प्राध्यापक बाईंनी १९८० च्या दशकाच्या शेवटी पहिल्या वर्षाच्या फिजिक्सची लेक्चरं जवळपास काढूनच टाकली आणि त्याजागी दोन-दोन तासांची सेशन ठेवली, पोरं सेन्सर आणि कॉम्प्युटर घेऊन बसायची, मोजायची, आपापसात वाद घालायची. त्याला वर्कशॉप फिजिक्स हे नाव पडलं. पुढे वेगवेगळ्या नावांनी हे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत पसरलं.

फायदा होतो का हेही लोकांनी मोजलं. १९९२ मध्ये फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची एक टेस्ट आली. त्यात गणित जवळजवळ नाही, नुसते साध्या भाषेतले प्रश्न, की दगड वर फेकला तर वर जाताना त्याच्यावर कुठले फोर्स असतात वगैरे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचा डेटा एकत्र केला. त्यात बघितलं असं की कोर्सच्या आधी जेवढं येत नव्हतं, त्यातलं किती टक्के कोर्सनंतर यायला लागलं. नेहमीच्या लेक्चरवाल्या वर्गांत सरासरी २३ टक्के, पोरांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. म्हणजे आधी ४० मार्क पडणारा पोरगा लेक्चर ऐकून ५४ ला जातो आणि दुसऱ्या पद्धतीने ६९ ला. एवढं थिअरी पुरे.

माणसं आणि वही

एका ग्रुपमध्ये तिघं. दोघं असले तर एक करतो आणि दुसरा मोबाईल बघतो, चार असले तर चौथा नक्की मोबाईल बघतो. तिघांत एक हात लावणार, एक मोजणार, एक लिहिणार, आणि दर अर्ध्या तासाला कामं बदलायची. बदलायचीच, नाहीतर मुली कायम लिहायच्या कामावर आणि मुलं कायम वायरींवर असं आपोआप होतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात तेच झालं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, सिन्नरवाल्या मुलीनेच तोंडावर सांगितलं की दादा मी चार रविवार फक्त टेबल आखतेय.

वहीचं पान आडवं धरायचं आणि चार रकाने आखायचे: मला काय वाटतं, का वाटतं, काय झालं, फरक कशाने. पहिले दोन रकाने वस्तूला हात लावायच्या आधी भरायचे आणि पेनाने भरायचे. पेन्सिल आमच्याकडे बॅन आहे. पेन्सिलने लिहिलेला अंदाज प्रयोग झाल्यावर गुपचूप बदलतो, आणि पोरगं मनापासून म्हणतं की मला हेच वाटत होतं. पेनाने लिहिलेलं चुकलं की टोचतं, आणि टोचलं की लक्षात राहतं. अख्ख्या लेखातली एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या, बाकी सामानसुमान नंतर जमवता येतं.

सामान

पहिल्या महिन्याला हे पुरतं: जाड दोरा, वेगवेगळ्या वजनाचे नट, स्टीलची पट्टी, मोजायची टेप (स्टीलची घ्या, का ते शेवटी कळेल), रांगोळी, खडू, स्प्रिंगचे दोन काटे रद्दीवाला वापरतो तसले, टॉर्चचे जुन्या पद्धतीचे बल्ब, साधे दीड व्होल्टचे सेल, वायर आणि ग्राफ पेपर. बल्ब शोधायला जरा फिरावं लागतं कारण आता सगळीकडे एलईडी, पण मेन रोडच्या आसपासच्या जुन्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारलं तर माळ्यावरून काढून देतात. बेअरिंगची गाडी हवी, लहानपणी फळीला बेअरिंग ठोकून उतारावरून सोडायचो ना तीच. बेअरिंगं अंबड-सातपूरकडच्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात, फक्त हातात फिरवून बघून घ्या, कुरकुरणारी नकोत.

मोबाईलवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका. जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीने बनवलंय, फोनमधले सगळे सेन्सर त्यात उघडे दिसतात. लॅपटॉप असेल तर ट्रॅकर, तेही फुकट, व्हिडिओतली वस्तू फ्रेम बाय फ्रेम मार्क करून ग्राफ काढतं. नंतर हौस वाढली की आर्डुइनो ऊनो (कोड टाकून सेन्सर चालवायचा छोटा बोर्ड) आणि एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. आणि टाकाऊतून बनवायची सवय लावायची असेल तर अरविंद गुप्तांची खेळणी बघाच, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून त्या माणसाने आगपेट्या आणि स्ट्रॉमधून जे काढलंय ते बघून आपल्याला महागाचं काही घ्यायची लाज वाटते.

पहिला रविवार: ग्राफ चालून दाखवा

न्यूटन, सूत्र काही नको. पहिला दिवस फक्त चालण्याचा.

फळ्यावर एक गोष्ट लिहायची: माणूस खांबापासून हळू लांब गेला, चार सेकंद थांबला, मग भराभर परत आला. याचा अंतर-वेळ ग्राफ काढा, खाली वेग-वेळ ग्राफ काढा, पेनाने. बारावीला नव्वद टक्के पडलेली पोरंही इथे अडकतात. थांबलेल्या माणसाची रेघ शून्यावर आणतात. काही जण ग्राफ म्हणजे रस्त्याचं चित्र समजून डोंगर चढउतार काढतात. आणि परत येतानाचा वेग निगेटिव्ह काढायला कोणी धजत नाही, कारण निगेटिव्ह म्हणजे हळू असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं.

आता रांगोळी घ्या. मोबाईलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला साठ ठोके. एकाने मुठीत रांगोळी घेऊन चालायचं आणि दर ठोक्याला पायाशी एक चिमूट सोडायची. चालून झालं की जमिनीवर पांढऱ्या टिपक्यांची ओळ. हळू चाललं तिथे टिपके जवळजवळ, भरभर तिथे लांब, थांबला तिथे चार चिमटींचा एकच ढीग. टेपने खांबापासून प्रत्येक टिपक्याचं अंतर मोजून ग्राफ पेपरवर टाका. तो ढीग ग्राफवर आडवी रेघ होऊन दिसतो आणि मग पोरांच्या तोंडून ‘अच्छाऽऽ’ निघतं. परत येताना दुसऱ्या रंगाची रांगोळी घ्या, नाहीतर कुठला टिपका जातानाचा आणि कुठला येतानाचा यावरच सकाळ जाते. आमची गेली होती, वर वॉचमन काका झाडू घेऊन उभे.

यानंतर उलटं करा. ग्राफ तुम्ही द्या आणि म्हणा हा चालून दाखव. याला सेन्सर असला तर धमाल येते. एचसी-एसआर०४ ची जोडणी सोपी: व्हीसीसी पाच व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, ट्रिग ९ नंबर पिनला, इको १० नंबरला. ट्रिगला दहा मायक्रोसेकंदाचा पल्स दिला की तो आवाज सोडतो (आपल्याला ऐकू न येणारा), आणि इको पिन किती मायक्रोसेकंद हाय राहते त्यावरून अंतर निघतं. दोन रीडिंगच्या मध्ये ६० मिलिसेकंद तरी सोडा म्हणजे आधीचा इको पुढच्यात मिसळत नाही. कॉम्प्युटरवर आर्डुइनोचा सिरियल प्लॉटर (ग्राफची खिडकी) उघडला की तुम्ही चालताय आणि स्क्रीनवर रेघ सरकतेय.

इथे दोन गोष्टींनी डोकं खाल्लं होतं. एक म्हणजे ढगळ कुर्ता किंवा ओढणी असली की आवाज कपड्यात जिरतो आणि रीडिंग वेडंवाकडं उड्या मारतं. उपाय: परीक्षेचं पॅड पोटाशी धरून चालायचं. दुसरं म्हणजे नेटवरच्या प्रत्येक कोडमध्ये ०.०३४३ हा आकडा असतो, म्हणजे आवाजाचा वेग, मायक्रोसेकंदाला इतके सेंटीमीटर, आणि तो २० डिग्रीच्या हवेतला. आपल्याकडे एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये ३५ असतं, तेव्हा तो ०.०३५२ करायला लागतो, नाहीतर चार मीटरला दहा सेंटीमीटरचा घोळ. हे मी पोरांना आधी सांगत नाही. टेपने आणि सेन्सरने एकच अंतर मोजायला लावतो आणि भांडू देतो.

पेंडुलम, नीट

परत त्या दोरी-नटावर येऊ, याला एक अख्खा रविवार द्या.

पहिला प्रश्न: जड नट लावला तर झोका लवकर होईल, उशिरा, की तेवढाच? पेनाने लिहा. बरेच जण लवकर लिहितात. करून बघतात, तेवढाच येतो, आणि मग त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, ते चांगलं असतं.

मग मोजमाप. एक मीटरच्या पेंडुलमला नाशिकमध्ये एक झोका २.००९ सेकंदांचा, वीस झोके ४०.१७ सेकंद. हेच जी ९.८१ असता तर ४०.१२. फरक पाच शतांश सेकंद. आता स्टॉपवॉच दाबायला माणसाचं बोटच दोन दशांश सेकंद खातं, सुरू करताना आणि थांबवताना साधारण सारखंच खाल्लं म्हणून बरंचसं कटतं, तरी एक दशांश इकडेतिकडे राहतोच. एक दशांश म्हणजे जी मध्ये ०.०५. म्हणजे वीस झोक्यांवरून तुम्ही जास्तीत जास्त ९.७८ अधिक-उणे ०.०५ म्हणू शकता, आणि त्यात नाशिकही बसतं आणि ९.८१ वालं लंडनही बसतं. हे कळलं ना की पोरगं खाडाखोड करायचं सोडतं, कारण खाडाखोड करून मिळणार काय! शंभर झोके मोजले तर एक दशांशाची चूक पाचपट वाटली जाते, मग कुठे दोन गावांत फरक दिसायला सुरुवात होते.

पण तेव्हाच लांबी दगा देते. तीन मिलिमीटर चुकलात की जी ०.०३ ने गेला, झालं लंडन. लांबी कुठून कुठवर? वर दोरा जिथे वाकतो तिथून (गाठीपासून नाही), खाली नटाच्या मध्यापर्यंत. बरीच पोरं नटाच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात, एक सेंटीमीटर कमी भरतं आणि जी एक टक्क्याने कमी.

आता यातली सगळ्यात आवडती गोष्ट. चार लांब्या घ्या: ४०, ६०, ८०, १०० सेंटीमीटर. प्रत्येकीचा पीरियड (एका झोक्याचा वेळ) काढा, त्याचा वर्ग करा, लांबीसमोर ग्राफ काढा. सरळ रेघ येते, तिचा स्लोप ४.०३ च्या आसपास, ४π² ला त्या स्लोपने भागलं की जी. ज्या ग्रुपने नटाचा मध्य धरला नाही त्यांचाही स्लोप तोच येतो! फक्त त्यांची रेघ शून्यातून जात नाही, थोडी वरून जाते. सगळ्या लांब्या सारख्याच सेंटीमीटरभर चुकल्या, त्यामुळे रेघ सरकली पण तिचा चढ तसाच राहिला. आणि रेघ किती सरकली त्यावरून ती विसरलेली लांबी परत काढता येते. एका ग्रुपने ग्राफवरून १.१ सेंटीमीटर काढली, मग व्हर्नियरने नट मोजला, मध्य बरोबर तेवढ्यावर. जर्नलमध्ये ‘ग्राफ काढा’ असं का लिहिलेलं असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं, पोरांना तर पटलंच.

झोका लहान ठेवा, दहा अंशांच्या आत. तीस अंशांपर्यंत ओढलात तर पीरियड पावणेदोन टक्के वाढतो आणि जी थेट साडेनऊच्या खाली. हेही न सांगता एका ग्रुपला करू द्या.

पडणारा फोन

हा छोटा आहे. फायफॉक्समध्ये ‘जी सकट’ वाला ॲक्सलरेशन उघडा. फोन टेबलावर ठेवला तर किती दाखवेल? जवळजवळ सगळे शून्य लिहितात, फोन हलतच नाहीये म्हणून. दाखवतो ९.८ च्या आसपास. मग विचारा की एक मीटरवरून गादीवर सोडला तर हवेत असताना किती? आता सगळे हुशारीने ९.८ लिहितात. येतो शून्याच्या जवळ. हवेतला वेळ ०.४५ सेकंद, ग्राफवर तेवढीच सपाट दरी दिसते आणि मग गादीवर आपटल्याचा सुळका. सेन्सर आतून स्प्रिंगसारखा असतो, त्याला टेबलाचा आधार जाणवतो, पडणं जाणवत नाही. यावर पोरं तासभर वाद घालतात, घालू द्या. गादी मोठी घ्या आणि फोन जुना. माझा नवा होता, गादीवरून टप्पा घेऊन फरशीवर गेला, पुढचं विचारू नका. आणि फोनच्या ९.८ वरून नाशिक-लंडन काढायला जाऊ नका, तेवढा तो अचूक नसतो, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात.

ट्रक आणि ॲक्टिव्हा

प्रश्न: हायवेला ट्रकने ॲक्टिव्हाला ठोकलं, कोणी कोणावर जास्त फोर्स लावला? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ, तरी वहीत ट्रकच जिंकतो.

दोन स्प्रिंगचे काटे एकमेकांत अडकवा, दोन टोकांना दोघं ओढा. एक पैलवान एक काडी असे निवडा. दोन्ही काटे सारखंच दाखवतात. मग एक टोक खांबाला बांधा, खांब काही ओढत नाही असं म्हणणारे इथे गप्प होतात. मग एकाला बेअरिंगच्या गाडीवर बसवा, दुसरा जमिनीवर, ओढा. काटे परत सारखे, पण गाडीवाला सरकतो आणि जमिनीवरचा नाही. फोर्स सारखा आणि परिणाम वेगळा, हे दोन शब्द डोक्यात वेगळे व्हायला हाच क्षण लागतो.

बॅग मोजायचे डिजिटल काटे घेऊ नका. ते दोन सेकंद स्थिर झाले की रीडिंग लॉक करतात, मग एक लॉक होतो एकाला आणि दुसरा दुसऱ्यालाच, आणि पोरं म्हणतात न्यूटन चुकला. काटे वापरायच्या आधी दोन्हींचं शून्य बघा, जुन्या काट्यांचं कधीच जुळत नाही.

एक सेल, एक बल्ब, एक वायर

एवढ्यावर बल्ब पेटवा. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनाही वेळ लागतो. बहुतेक जण बल्बचं बूड सेलवर ठेवतात आणि वायर परत बुडालाच लावतात. बल्बच्या बाजूच्या पत्र्याला वायर लागली पाहिजे हे हाताला कळेपर्यंत ‘सर्किट पूर्ण असलं पाहिजे’ हे वाक्य नुसतं वाक्य असतं. मग दोन बल्ब सिरीजमध्ये, आधी विचारा कुठला जास्त पेटेल. पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो असं मानणारे निम्मे तरी निघतात. एकाच कंपनीचे सारखे बल्ब घ्या, नाहीतर इथेही गोंधळ.

वायर सेलच्या दोन टोकांना थेट लागली की चटका बसतो, लगेच सोडा. मोबाईलची किंवा पॉवर बँकेची लिथियम बॅटरी याला अजिबात वापरायची नाही, आणि भिंतीतल्या प्लगकडे तर बघायचंही नाही. याबाबतीत मी खडूस आहे.

तुम्ही काय करायचं

गप्प बसायचं. सगळ्यात अवघड हेच आहे. पोरगं विचारतं दादा हे बरोबर आहे का, आणि आपल्या जिभेवर उत्तर तयार असतं. मी विचारतो, तुझ्या शेजारच्याला काय आलं? दोघांचं वेगळं आलं असेल तर माझं काम झालं, ते आपापसात बघून घेतात. सारखंच आणि चुकीचं आलं असेल तर एखादा प्रयोग सुचवतो ज्यात ते फसतील. पण सतत प्रश्नाला प्रश्नही करू नका, चिडतात. सूत्राची खूण, युनिट, वायरचा रंग असल्या गोष्टी सरळ सांगून टाका, त्यात शोध लावण्यासारखं काही नसतं.

परीक्षेचं काय, हे आईबाबा हमखास विचारतात. खरं सांगतो, या पद्धतीने पोर्शन पूर्ण होत नाही. होतच नाही. डेरिव्हेशन घरी पाठ करावी लागतात, युनिव्हर्सिटीच्या पेपरला ती येतात. आम्ही शेवटचा अर्धा तास न्यूमरिकल्सना ठेवतो, पण त्याच दिवशीच्या आकड्यांवर. स्वतःच्या पेंडुलमचं न्यूमरिकल सोडवताना उत्तर ९७.८ आलं तर पोरगं स्वतःच म्हणतं, काहीतरी दहापट घोळ आहे. पुस्तकातल्यावर तेच उत्तर दोन रेघा ओढून पुढे जातं. व्हायवाला तर सांगायलाच नको, ज्याने नटाच्या मध्यावरून भांडण केलंय त्याला एक्स्टर्नल काय विचारणार.

फरक पडतोय का हे बघायला सुरुवातीला दहा-बारा साधे प्रश्न द्या, ट्रकसारखे, उत्तरं जमा करून ठेवा आणि दाखवू नका. चार महिन्यांनी तेच परत द्या.

आवाजाचा वेग, गोल्फ क्लबवर

पार्किंगच्या बाहेरचा हा एकच प्रयोग आम्ही करतो, कारण याला शांतता लागते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आपलं गोल्फ क्लब, थंडीत सकाळी सहा वाजता. दोन फोन पाच मीटरवर, दोन्हींत फायफॉक्सचं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच. पहिल्या फोनजवळच्याने टाळी वाजवली की दोन्ही सुरू होतात, पण लांबचा जरा उशिरा. मग दुसऱ्या फोनजवळच्याने टाळी वाजवली की दोन्ही थांबतात, आता पहिला उशिरा. दोन फोनच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. साधारण तीन शतांश सेकंद येतो. किमान अवधी थोडा वाढवून ठेवा, नाहीतर एकाच टाळीने सुरू होऊन त्याच टाळीने बंद पडतं. दहा-बारा वेळा करून सरासरी काढा. रनिंगवाले काका थांबून विचारतात टाळ्या कसल्या वाजवताय, त्यांना नम्रपणे सांगा लाफ्टर क्लब पलीकडे आहे.

मागच्या जानेवारीत एका ग्रुपचं उत्तर आलं ३३१ मीटर पर सेकंद. एकदम खूश, कारण पुस्तकात ३३१ च दिलंय. सिन्नरवालीने विचारलं पुस्तकातलं किती डिग्रीला आहे? शून्याला. आणि आत्ता? फोनवर बघितलं, १२. बाराला ३३८ यायला पाहिजे. मग अर्धा तास थंडीत कुडकुडत सगळं परत तपासलं, फोन बदलले, टाळ्या बदलल्या, ३३१ काही हलेना. शेवटी तिने दप्तरातून स्टीलची पट्टी काढली आणि आमच्या कापडी टेपवर ठेवली, ती टेप मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातून आणली होती, वर्षानुवर्षं ताणून ताणून दीड मीटरला तीन सेंटीमीटर लांब झालेली. टेप पाच मीटर म्हणत होती तेव्हा फोन पाच मीटर दहा सेंटीमीटरवर होते. आकडा घालून परत काढलं तर ३३८.